पार्श्वभूमी : सर्वोत्तम क्वार्टरबॅक कोण, हा वाद मुळात कशावरून?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवतो तो क्वार्टरबॅक. चाहत्यांनी केलेल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकांच्या याद्यांमध्ये पहिल्या क्रमांकावरून हल्ली फारसं भांडण होत नाही. २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला, न्यू इंग्लंडकडून सहा आणि टॅम्पा बेकडून एक अशा सात सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकणारा माणूस वर बसतो आणि तो विषय मिटतो. जुंपते ती दुसऱ्या क्रमांकापासून. तिथूनच यादी थट्टेकडे वळते. कुणाला मिशीचे गुण मिळतात, कुणाला टीव्हीवरच्या जाहिरातींचे, तर कुणाचे गुण छप्पर असलेल्या मैदानात खेळला म्हणून कापले जातात. ही थट्टा उगाच आलेली नाही. या जागेवरच्या खेळाडूला मोजायची सर्वमान्य पद्धत आजवर निघालीच नाही, आणि आकड्यांनी निकाल लागत नाही तिथे चाहत्याच्या जिभेला धार चढते.

जुना काळ थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली १९३२ साली. पुढच्याच वर्षी चाल जिथून सुरू होते त्या रेषेमागून कुठूनही पास टाकायची मुभा मिळाली. तरी क्वार्टरबॅक म्हणजे पासिंग हे समीकरण पक्कं व्हायला १९४० उजाडावं लागलं. त्या डिसेंबरच्या अंतिम सामन्यात शिकागोने वॉशिंग्टनला ७३-० असं चिरडलं आणि शिकागोची टी रचना (सुरुवातीलाच चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती देणारी मांडणी) हळूहळू सगळ्यांनी उचलली. वॉशिंग्टनचा १९४३ चा पासर तर त्या हंगामात पासिंगमध्ये पहिला, पंटिंगमध्ये (चेंडू लाथेने दूर मारून प्रतिस्पर्ध्याला देण्यात) पहिला आणि बचावात उभा राहून इंटरसेप्शनमध्येही (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडण्यात) पहिला होता. अशा माणसाला आजच्या यादीत कुठे बसवणार? बहुतेक जण त्याला आठवा-नववा क्रमांक देऊन पुढे सरकतात.

हंगामातला सर्वोत्तम पासर ठरवायचे निकषही सारखे बदलत होते. आधी पासांनी पुढे नेलेले एकूण यार्ड मोजले. १९३८ ते १९४० पूर्ण झालेल्या, म्हणजे सहकाऱ्याने झेललेल्या, पासांची टक्केवारी धरली. १९५० च्या दशकात दर पासमागचे सरासरी यार्ड पाहिले. साठच्या दशकात चार-चार बाबींत खेळाडूंचे क्रमांक लावून त्यांची बेरीज सुरू झाली. या शेवटच्या पद्धतीचा त्रास असा की आपला क्रमांक दुसऱ्याच्या खेळावर अवलंबून राहायचा. रविवारी खेळून घरी गेलेल्याचं स्थान सोमवारी रात्री भलत्याच शहरातला कुणीतरी बदलून टाकायचा. शिवाय यंदाचा पहिला आणि दहा वर्षांपूर्वीचा पहिला यांची तुलना करायला काहीच हाती नव्हतं.

म्हणून समिती नेमली गेली आणि १९७३ पासून पासर रेटिंग लागू झालं. सगळ्या भांडणाचं मूळ या निर्णयात आहे, त्यामुळे तो जरा सविस्तर पाहायला हवा.

सूत्र चार भागांचं आहे: पूर्ण पासांची टक्केवारी, दर पासमागचे यार्ड, टचडाउनचं (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवण्याचं) प्रमाण आणि इंटरसेप्शनचं प्रमाण. प्रत्येक भागाला शून्य ते २.३७५ इतके गुण. चारांची बेरीज करायची, सहाने भागायचं, शंभरने गुणायचं. म्हणूनच सर्वोच्च रेटिंग १५८.३ असं विचित्र येतं. समजा एकाने ३० पैकी २० पास पूर्ण केले, २४० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. टक्केवारीचे १.८३, यार्डांचे १.२५, टचडाउनचे १.३३, इंटरसेप्शनचे १.५४. रेटिंग होतं ९९.३.

आता मोजपट्टीवर एक आणि दोन गुणांच्या खुणा कुठे केल्या ते बघा. ५० टक्के पास पूर्ण करणारा, दर पासमागे ७ यार्ड काढणारा, १०० पासांत ५ टचडाउन आणि साडेपाच इंटरसेप्शन देणारा तो सरासरी, म्हणजे प्रत्येक भागात १ गुण, रेटिंग ६६.७. हे आकडे साठच्या दशकातल्या खेळावरून घेतले होते. ७० टक्के पास पूर्ण केले तर २ गुण, म्हणजे विक्रमी कामगिरी. त्या काळाला हे शोभत होतं. पण मोजपट्टी तिथेच गोठवली गेली आणि खेळ पुढे निघून गेला. २०१८ साली न्यू ऑर्लिन्सच्या क्वार्टरबॅकने हंगामभर ७४.४ टक्के पास पूर्ण केले. इंटरसेप्शनची लीगभरची सरासरी आता अडीच टक्क्यांच्या आत आहे आणि सरासरी रेटिंग ९० च्या आसपास पोचलं आहे. १९७३ साली ज्याला तारा म्हटलं असतं, तो आज राखीव बाकावरही टिकणार नाही.

सूत्राच्या पोटात आणखी एक खोड आहे. गुणक उलगडून यार्डांत मांडले तर प्रत्येक पूर्ण पासला आपोआप २० यार्डांचं बक्षीस मिळतं, टचडाउनला ८० यार्डांचं, आणि इंटरसेप्शनला १०० यार्डांचा दंड. म्हणजे तिसऱ्या डाउनला (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ९ यार्ड हवे असताना बाजूला टाकलेला आणि उलट ३ यार्ड गमावणारा पासही जमिनीवर पडलेल्या पासपेक्षा रेटिंगला बराच फायद्याचा ठरतो! हवेत लांब फेकून धोका पत्करणारा तेवढा मार खातो. सॅक झाला (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं), चेंडू हातातून निसटला, पायांनी धावून १५ यार्ड काढले, यातलं काहीच सूत्रात नाही. आणि सामन्यात टाकलेला एकूण एक पास जमिनीवर आपटला तरी ३९.६ मिळतात, कारण इंटरसेप्शन शून्य. एखाद्या सामन्यात याहून कमी रेटिंग अनेक नामांकितांच्या नावावर आहे. त्या दिवशी त्यांनी सगळे चेंडू प्रेक्षकांत भिरकावले असते तर कागदावर बरे दिसले असते. लीगने याला पासिंगचंच मोजमाप म्हटलं होतं, संपूर्ण क्वार्टरबॅकचं नव्हे. पण समालोचकांनी त्याला सर्रास क्वार्टरबॅक रेटिंग म्हणायला सुरुवात केली आणि तोच अर्थ रूढ झाला.

याचा फटका सत्तरच्या दशकातल्या खेळाडूंना बसला, आणि माझ्या मते तो निव्वळ अन्याय आहे. पिट्सबर्गला सहा वर्षांत चार सुपर बोल जिंकून देणाऱ्याचं कारकिर्दीचं रेटिंग ७०.९, टचडाउन २१२, इंटरसेप्शन २१०. नव्या पिढीचा चाहता हे आकडे बघून त्याला पंधराव्या क्रमांकाच्याही खाली ढकलतो. पण तो खेळला तेव्हा बचावपटू रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मैदानभर ढकलत, अडवत नेऊ शकत होते. न झाकलेल्या खेळपट्टीवर काढलेल्या धावा आजच्या पाटा खेळपट्टीवरच्या धावांशी आपण नुसत्या सरासरीने ताडून पाहत नाही. मग इथेच का पाहायच्या?

१९७७ च्या हंगामात प्रत्येक संघाचे सामन्यामागे सरासरी १७.२ गुण झाले, १९४२ नंतरचे सर्वांत कमी. लोकांना कंटाळा येईल या धास्तीने १९७८ मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला हात लावायचा नाही, लाईनमनने (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूने) हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवलं तरी चालेल. हंगामही १४ वरून १६ सामन्यांचा झाला. १९८४ मध्ये मायामीच्या तरुणाने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन केले तेव्हा लोक थक्क झाले. पाच हजारांचा आकडा पुन्हा गाठला गेला तो २४ वर्षांनी, २००८ साली. मग २०११ च्या एकाच हंगामात तिघांनी तो ओलांडला. मधल्या काळात १९९४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आला आणि पुढची चाल प्रशिक्षक कानात सांगू लागले. २००४ पासून रिसीव्हरला धरण्यावर पंच कडक झाले. २००८ च्या पहिल्याच सामन्यात न्यू इंग्लंडच्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेल्यावर पायांवर झेपावण्याचे नियमही आवळले गेले. आजच्या रेटिंगमध्ये या सगळ्याचा वाटा आहे. एखाद्या हंगामाच्या सरासरीला १०० धरून प्रत्येकाला त्याच्याच काळात तोलणारे आकडे आता मिळतात. ते पाहिले की जुने लोक भराभर वर चढतात. तरीही बहुतेक याद्या या आकड्यांना हात लावत नाहीत.

रेटिंगला कंटाळलेल्यांनी मग रिंगा (विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या) मोजायला घेतल्या. अजिंक्यपदं किती, तेवढाच निकष. हा सोपा आहे म्हणून लाडका आहे, आणि मला तो सगळ्यात कमी पटतो. दोन सुपर बोलमधल्या दोन किक शेजारी ठेवून बघा; खांबांमधून गेली की तीन गुण. २७ जानेवारी १९९१, टॅम्पा. बफेलो एका गुणाने मागे. सव्वादोन मिनिटं उरलेली असताना त्यांच्या क्वार्टरबॅकने स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेजवळून संघाला पुढे आणलं. शेवटच्या आठ सेकंदांत ४७ यार्डांवरून किक मारली गेली आणि ती उजवीकडून बाहेर गेली. न्यूयॉर्क २०, बफेलो १९. दुसरी किक ३ फेब्रुवारी २००२ ची, न्यू ऑर्लिन्समधली. सेंट लुईसविरुद्ध बरोबरी, घड्याळात दीड मिनिटाहून कमी. न्यू इंग्लंडच्या कोवळ्या क्वार्टरबॅकने तसाच संघ पुढे आणला. ४८ यार्डांवरून मारलेली किक खांबांमधून गेली, २०-१७. त्याचे त्या दिवशी पासिंगचे यार्ड १४५, तरी सामनावीर तोच. बफेलोच्या क्वार्टरबॅकचे त्याच्या सामन्यात २१२ होते आणि इंटरसेप्शन एकही नाही. पुढच्या तीन वर्षांत तो आणखी तीनदा अंतिम सामन्यात पोचला, तिन्ही वेळा हरला, आणि थट्टेच्या यादीतला कायमचा गिऱ्हाईक झाला. दोघांपैकी एकानेही किक मारली नव्हती.

मोजणीत न धरलेल्यांची गोष्ट वेगळीच. क्लीव्हलँडचा एक क्वार्टरबॅक दहा हंगाम खेळला, दहाही वेळा अंतिम सामन्यात पोचला, सात जिंकला. पण त्यातले पहिले चार, १९४६ ते १९४९ चे, प्रतिस्पर्धी लीगमधले. त्यामुळे त्याच्या सातांचं वजन लोक तीनच धरतात. १९७८ मध्ये एका गुणी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. त्याने कॅनडात जाऊन एडमंटनला सलग पाच अजिंक्यपदं मिळवून दिली, मग १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला आणि तिथून पुढे ४९ हजारांवर यार्ड काढले. कॅनडातले २१ हजार कुठल्याच यादीत येत नाहीत. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकायला ३१ जानेवारी १९८८ उजाडावं लागलं. वॉशिंग्टनच्या त्या खेळाडूने सामन्याच्या दुसऱ्या पावात चार टचडाउन पास टाकले आणि डेन्व्हरवर त्या एका पावात ३५ गुण चढवले. दशकानुदशकं कितीजणांना ही जागाच दिली गेली नाही, हे लक्षात न घेता 'सार्वकालिक' यादी कशी करायची?

२०११ मध्ये एका क्रीडा वाहिनीने शून्य ते शंभरचं नवं मोजमाप आणलं. त्यात धावणं, सॅक, प्रसंगाचं महत्त्व हे सगळं धरलं, पण नेमकं सूत्र पूर्ण उघड केलं नाही. त्यामुळे त्यावरही विश्वास बसला नाही. अलीकडे प्रत्येक चालीनंतर अपेक्षित गुण किती वाढले ते मोजतात. हे मला आजवरच्यांतलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकवरच्या वादात मात्र पुन्हा रिंगाच येतात: तीन जिंकल्या, २०२१ च्या फेब्रुवारीत टॅम्पाकडून ३१-९ आणि २०२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून ४०-२२ असा हरला.

थट्टेच्या यादीतला माझा लाडका माणूस न्यूयॉर्कचा. फरचे कोट, महिलांच्या मोज्यांची जाहिरात, आणि जानेवारी १९६९ मध्ये मायामीत सुपर बोलआधी छातीठोकपणे दिलेली विजयाची हमी. बाल्टिमोरला सट्टेबाजांनी १८ गुणांनी वरचढ ठरवलं होतं, न्यूयॉर्कने १६-७ असं जिंकलं. त्याने त्या सामन्यात एकही टचडाउन पास टाकला नाही, तरी सामनावीर ठरला. कारकिर्दीचं रेटिंग ६५.५, टचडाउन १७३, इंटरसेप्शन २२०. आकडे बघणारे त्याला हसण्यावारी नेतात. पण हंगामात चार हजार यार्ड ओलांडणारा पहिला तोच. १९६७ साली ४,००७ यार्ड, तेही १४ सामन्यांत. सामन्याला २८६ यार्ड पडतात. २०२१ पासूनच्या १७ सामन्यांच्या हंगामात त्याच वेगाने ते ४,८६५ च्या घरात जातील, आणि तेही रिसीव्हरला मैदानभर धक्के मारायची मुभा असलेल्या जुन्या नियमांत.