खाडीच्या पाण्यातील सर्फॅक्टंट आणि सोन्याचे नॅनोकण

खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले की अंगाच्या साबणाला फेस येईनासा होतो, कारण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका धरतो. कपड्यांची पावडर मात्र त्याच पाण्यातही फेसाळते. फेसावरून सर्फॅक्टंट, म्हणजे साबण-पावडरीतला फेस आणणारा व मळ सोडवणारा घटक, आहे एवढे समजते. त्याचे प्रमाण किंवा जात कळत नाही.

सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे आणि दुसरे पाणी टाळणारे असते. प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की हे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोलाकार पुंजके बनवतात. सोडियम डोडेसिल सल्फेट या प्रचलित सर्फॅक्टंटसाठी ही मर्यादा २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) असते. समुद्राच्या सहाव्या हिश्श्याइतका खारटपणा असला तर ती जेमतेम दीड मिलिमोलवर येते. म्हणजे वाशिष्ठी नदीच्या वरच्या गोड्या पाण्यात आणि दाभोळच्या खाडीत एकच सर्फॅक्टंट निरनिराळे वागणार.

हे वर्तन टिपायला सोन्याचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत (नॅनोमीटरमध्ये) मोजले जाणारे कण, फार उपयोगी पडतात. क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) घातले की फिकट पिवळा रंग जाऊन थोड्याच वेळात गर्द लाल रंग चढतो. ही पद्धत १९५१ मध्ये टुर्केविच आणि सहकाऱ्यांनी अभ्यासली. साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे हे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. सायट्रेटमुळे प्रत्येकावर ऋणभार असल्याने ते परस्परांना दूर ठेवतात.

केसांच्या कंडिशनरमध्ये असते तसे धनभारित सर्फॅक्टंट अल्प प्रमाणात मिसळले, तर हा ऋणभार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण जांभळे, मग निळसर होते. प्रमाण आणखी वाढवल्यास कणांवर सर्फॅक्टंटचा दुहेरी थर बसतो, भार धन होतो आणि ते पुन्हा सुटे राहू शकतात. मला या तंत्राचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रंगावरून रेणू पृष्ठभागावर कसे बसले याचाही अंदाज बांधता येतो. ट्वीनसारखे भाररहित सर्फॅक्टंट उलट कणांना मिठापासून वाचवते, त्यामुळे लाली टिकते.

खाडीत अडचण मिठाचीच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेवढ्याने सर्फॅक्टंट नसतानाही कण चिकटून द्रावण निळे पडते. म्हणून नमुना पुरेसा पातळ करावा लागतो, त्याच क्षारतेचे सर्फॅक्टंटरहित पाणी तुलनेला ठेवावे लागते, आणि भरती-ओहोटीगणिक खारटपणा बदलत असल्याने प्रत्येक नमुन्याची क्षारता वेगळी मोजावी लागते.