ओम पुरी तोच, स्मिता तीच, कुऱ्हाडही आहे... मग हा 'सद्गती' की 'आक्रोश'?

परवा जेवताना मामा म्हणाला, "तो सत्यजित रेंचा सद्गती नाही का, ज्यात ओम पुरी शेवटी बहिणीला कुऱ्हाडीने मारतो". मी म्हटलं मामा, तो आक्रोश. मग मामी म्हणाली नाही नाही, आक्रोशमधे तो लाकूड फोडता फोडता मरतो. म्हणजे दोघांनीही दोन्ही पिक्चर बघितलेत आणि दोघांच्याही डोक्यात त्यांची खिचडी झालीये. खरं सांगायचं तर त्यांना फार हसण्यात अर्थ नाही, कारण ही गल्लत व्हावी अशीच सगळी जुळवाजुळव आहे.

बघा ना. आक्रोश 1980 चा, सद्गती 1981 चा. दोन्हीत ओम पुरी आणि स्मिता पाटील नवरा-बायको, दोघं गरीब, दोघं जातीच्या-सत्तेच्या उतरंडीत तळाला. दोन्हीत डॉ. मोहन आगाशे वरच्या बाजूला बसलेले. दोन्हीत कुऱ्हाड. आणि दोन्ही बघून झालं की घरात कोणी बोलत नाही थोडा वेळ.

पण आक्रोश हा थिएटरसाठी केलेला सिनेमा, दोन तासांच्या वर चालणारा, गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला. सद्गती ही दूरदर्शनसाठी केलेली टेलिफिल्म, तासाभराच्या आत संपणारी. रेंनी अख्ख्या आयुष्यात हिंदीत दोनच गोष्टी केल्या, 1977 चा शतरंज के खिलाडी आणि हा सद्गती, नि दोन्ही प्रेमचंदांच्या कथांवर. गंमत म्हणजे तेव्हा आपल्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, रंगीत प्रक्षेपण आलं ते 1982 ला, पण रेंनी हे काम केलं रंगीत.

आता ती कुऱ्हाड, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. सद्गतीतला दुखी हा अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजातला, मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून द्या म्हणून पंडिताकडे जातो. नुकताच तापातून उठलाय, पोटात काही नाही. पंडित म्हणतो येतो रे, आधी अंगण झाड, भुसा उचलून ठेव, आणि हो, तो ओंडका फोड. ओंडका म्हणजे गाठच गाठ, कुऱ्हाड बोथट, माणूस उपाशी. मारतो मारतो आणि तिथेच पडतो. म्हणजे इथे कुऱ्हाडीने कोणी कोणाला मारत नाही, ज्याच्या हातात आहे तोच मरतो. आक्रोशमधे उलटं. आदिवासी लहान्या भिकूवर (म्हणजे ओम पुरीवर) बायकोच्या खुनाचा आरोप आहे, खरे गुन्हेगार वेगळे आहेत, आणि तो अख्ख्या पिक्चरभर वकिलाशी चकार शब्द बोलत नाही. शेवटी बापाच्या चितेपाशी आणतात बेड्या घालून, तिथे तो कुऱ्हाड उचलतो नि स्वतःच्या तरुण बहिणीवर घालतो, कारण तिच्याकडे बघणाऱ्या नजरा त्याला दिसलेल्या असतात, बायकोचं जे झालं तेच हिचंही होणार हे त्याला कळलेलं असतं. आणि मग वर बघून ओरडतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

म्हणून माझी सोपी खूण, ओम पुरी घाम गाळत राबतोय आणि हात जोडून 'महाराज महाराज' करतोय तर सद्गती, आणि ओम पुरी नुसता बघतोय, काहीच बोलत नाहीये तर आक्रोश.

स्मिताचं काम दोन्हीकडे छोटंच आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. आक्रोशमधली नागी गोष्ट सुरू होते तेव्हा गेलेलीच असते, ती फक्त मागच्या आठवणींतून दिसते. सद्गतीतली झुरिया जिवंत आहे, नवऱ्याला 'आधी काहीतरी खाऊन जा' म्हणणारी, आणि नंतर भर पावसात पंडिताच्या बंद दारापाशी रडणारी. टीव्हीचा पडदा हा तिच्यासाठी काही नवा नव्हता म्हणा, ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, तिथूनच लोकांच्या डोळ्यात भरली.

बरं, नटांवरून ओळखता येत नसेल तर कॅमेऱ्यामागे कोण आहे ते बघा, मला तरी हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं. सद्गती म्हणजे रेंचं कलकत्त्याचं घरचं युनिट उचलून हिंदी भागात नेलंय. कॅमेरा सौमेंदू रॉय, एडिटिंग दुलाल दत्त (हा माणूस पथेर पांचालीपासून रेंचे सिनेमे कापत होता), कलादिग्दर्शन अशोक बोस, पटकथा आणि संगीत खुद्द रे. संवादांसाठी मात्र त्यांनी सोबत घेतलं अमृत राय यांना, म्हणजे प्रेमचंदांच्या मुलालाच. शूटिंग छत्तीसगडात, तेव्हा तो मध्य प्रदेश होता, आणि दुखीला 'कशाला राबतोस याच्यासाठी' असं तोंडावर सांगणारा जो गोंड, म्हणजे गोंड आदिवासी, आहे ना, तो केलाय भैयालाल हेडाऊ यांनी, ते तिथलेच लोककलावंत. पंडिताची बायको गीता सिद्धार्थ.

आक्रोशची टोळी मात्र जवळजवळ आपल्या नाटकवाल्यांची. कथा-पटकथा विजय तेंडुलकर, संवाद पंडित सत्यदेव दुबे, कॅमेरा स्वतः निहलानी. आता हे तिघं आधी कुठे एकत्र होते? 1971 च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या सिनेमात, तेंडुलकरांचं नाटक, दुबेंचं दिग्दर्शन, निहलानींचा कॅमेरा. त्यानंतर निहलानी श्याम बेनेगलांचे कॅमेरामन म्हणून अंकुर, निशांत, मंथन करत होते. आक्रोशच्या नटांत पण बघा, अरविंद देशपांडे, नाना पळशीकर, अच्युत पोतदार, आणि चक्क नाटककार महेश एलकुंचवार कार्यकर्त्याच्या रोलमधे. वकील भास्कर कुलकर्णी झालेत नसीरुद्दीन शाह, आणि अमरीश पुरी सरकारी वकील दुसाने, जो स्वतः आदिवासी असून गावच्या बड्या लोकांसोबत क्लबात पत्ते खेळतो आणि घरी त्याला निनावी फोनवर शिव्या येतात. हे पात्र मला आख्ख्या पिक्चरमधलं सगळ्यात अवघड वाटतं, लहान्यापेक्षाही. त्याच पत्त्यांच्या टेबलावरच्या मंडळींत आगाशे, पुढारी म्हणून.

आणि आगाशेंवरून आठवलं, एक भारी गुंता आहे. सद्गतीतल्या पंडिताचं नाव घासीराम. हे प्रेमचंदांच्या मूळ कथेतलंच नाव आहे, रेंनी दिलेलं नाही, पण मराठी माणसाला ऐकताक्षणी काय आठवणार? घाशीराम कोतवाल, तेंडुलकरांचं, 1972 चं, ज्यात आगाशे घाशीराम नव्हते, नाना फडणवीस होते. पुढे 1976 ला त्याचा सिनेमा झाला त्यातही नाना आगाशेच, आणि घाशीराम कोण, तर ओम पुरी! म्हणजे 1976 ला ओम पुरी घाशीराम आणि आगाशे त्याच्या डोक्यावर बसलेले, मग 1981 ला आगाशे घासीराम आणि ओम पुरी त्यांच्या अंगणात ओंडका फोडतोय. नावं बदलली, पायरी कोणाची कुठे ते काही बदललं नाही. असं सगळं असल्यावर मामाने तेंडुलकरांचं खातं रेंच्या नावावर टाकलं तर काय नवल.

सद्गती बघितला नसेल तर त्यातला एक भाग सांगतो, तो डोक्यात बसला की परत कधी गल्लत होणार नाही. दुखी मेलाय, प्रेत पडलंय ब्राह्मणांच्या विहिरीच्या वाटेवर, गोंडाने वस्तीत सांगून ठेवलंय की कोणी हात लावू नका. पंडिताला तर शिवायचं नाहीये. मग उजाडायच्या आत तो एकटाच येतो, काठीने मेलेल्याचा पाय थोडा उचलतो, दोरीचा फास त्या पायात सरकवतो, आणि लांबून, स्पर्श न होता, ओढत ओढत नेतो जिथे मेलेली गुरं टाकतात तिथे. रे इथे काहीही घाई करत नाहीत. आगाशेंना धाप लागतेय, पाय घसरतोय, दोरी परत धरतायत. आयुष्यात पहिल्यांदाच हा पंडित अंगमेहनत करताना दिसतो! आणि मग अंगणात येऊन मंत्र म्हणत पाणी शिंपडतो, कुऱ्हाड त्या ओंडक्यातच अडकलेली.

आक्रोशला पुरस्कार बरेच मिळाले, राष्ट्रीय पुरस्कार, इफ्फीचा (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा) सुवर्णमयूर वगैरे, त्यामुळे त्याचं नाव जास्त कानावर असतं, आणि सद्गती टीव्हीचा म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. मला उलट वाटतं. आक्रोशमधे निदान एक वकील आहे जो धडपडतोय, सद्गतीत तेवढंही नाही.

हे सगळं मामाला सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, ताटातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाला, "बरं, पण मग ज्यात तो पोलीस असतो तो कुठला?"

तो अर्धसत्य, मामा. 1983. दिग्दर्शक निहलानी, पटकथा तेंडुलकर, ओम पुरी, स्मिता पाटील.