वाळायला वर्ष, जळायला पाऊण तास

टेक्ससमधल्या ऑस्टिनजवळ राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत मी स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची भट्टी, घेतला. एका बाजूला विस्तवाची पेटी, मध्ये आडवं लोखंडी पिंप आणि पलीकडच्या टोकाला धुराडं. लाकूडवाल्याने 'सीझन केलेला', म्हणजे वाळवलेला, पोस्ट ओक (ओकची इथली एक जात) म्हणून अंगणात ढीग ओतला. दांडक्यांची टोकं करडी पडलेली, चिरा गेलेल्या. बघणाऱ्याला वाटावं, खडखडीत वाळलंय. पेटवल्यावर मात्र टोकांतून फेस यायला लागला, सूं सूं आवाज सुरू झाला आणि धुराड्यातून पांढरे लोट निघाले. कोंबडी दिसायला झकास तांबूस झाली. चव मात्र पावसाळ्यात ओल्या फाट्यांवर केलेल्या धुरकट चहासारखी. नंतर एक दांडकं मधोमध फोडून ओलावामापकाच्या सुया आत टोचल्या. आकडा आला 34 टक्के.

मांसाला धुरी देण्याबद्दल लोक मसाला, तापमान आणि तास यांवर भरपूर बोलतात. लाकडावर बोलताना झाडाचं नाव सांगून थांबतात. ओक की हिकरी, सफरचंद की चेरी. माझ्या मते झाडाचं नाव दुसऱ्या क्रमांकाचं आहे. पहिला प्रश्न लाकडात पाणी किती, हा.

झाडाचं नाव बहुतेक वेळा भूगोलच ठरवतो. मध्य टेक्ससमध्ये एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक येऊन वसले. त्यांची मांसाची दुकानं होती, आणि मांस धुरावर ठेवायची सवय त्यांनी सोबतच आणली होती. लॉकहार्ट गावातलं क्राइट्स मार्केट 1900 सालचं. या दुकानांनी भोवतालच्या रानात मुबलक होता तो पोस्ट ओक जाळला. राज्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला मेस्किट वाढतं, म्हणून तिथे मेस्किट. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. जाळ कडक, धूर उग्र. झटपट भाजायला उत्तम, पण बारा तासांच्या ब्रिस्केटला, म्हणजे गुराच्या छातीच्या मोठ्या तुकड्याला, ते भारी पडतं. पेकन इथला राज्यवृक्ष. तोही धुरीला चालतो, कारण तो हिकरीच्याच कुळातला.

'हार्डवुड' या शब्दाने मात्र गोंधळ होतो. कठीण लाकूड असा त्याचा अर्थ नाही. सपुष्प, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड. आपली काटेसावर, जिचं लाकूड नखाने दाबलं तरी खड्डा पडेल, तीही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हार्डवुड. देवदार आणि चीड मात्र सॉफ्टवुड. धुरीसाठी सॉफ्टवुड टाळतात ते त्यातल्या राळेमुळे. राळ जळताना काजळी फार धरते आणि मांसाला टर्पेंटाइनचा वास मारतो. याला सणसणीत अपवाद जर्मनीतच आहे. श्वार्त्सवाल्डचं प्रसिद्ध हॅम फर आणि स्प्रूसच्या धुरावरच तयार होतं. पण ती थंड धुरी, धिम्या गतीची. तिथलं गणित वेगळं.

आता लाकडाच्या आत काय आहे ते पाहू. हार्डवुडमध्ये ढोबळमानाने 40 ते 45 टक्के सेल्युलोज, 20 ते 30 टक्के हेमिसेल्युलोज आणि 20 ते 25 टक्के लिग्निन असतं. तापल्यावर तिन्ही एकदम मोडत नाहीत. 200 अंश सेल्सिअसच्या पुढे आधी हेमिसेल्युलोज सुटतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बाहेर पडतं. 300 च्या आसपास सेल्युलोज मोडतं. या दोघांतून कार्बोनिल गटातले पदार्थ येतात. ते मांसातल्या प्रथिनांशी जुळतात आणि तो तांबूस-तपकिरी रंग चढतो. लिग्निन सगळ्यांत चिवट, ते विस्तृत तापमानात हळूहळू फुटतं. त्यातून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल निघतात. आपण ज्याला 'धुराचा स्वाद' म्हणतो, तो मुख्यतः या दोघांचा. सॉफ्टवुडच्या लिग्निनमध्ये सिरिंगॉल देणारी घटकरचना जवळजवळ नसतेच.

माझ्या कोंबडीचा घोटाळा इथे उलगडतो. रंग यायला कमी तापमानाचा, धुमसणारा धूर पुरतो. चव नीट यायची तर धुरातले जड, डांबरी पदार्थ ज्वाळेत जळून जावे लागतात, आणि त्यासाठी विस्तवाच्या पेटीत साधारण 600 अंशांच्या वरची ज्वाळा हवी. आपला समज असा की ओलं लाकूड उष्णता खातं म्हणून वाईट. हिशेब करून बघा. कोरडं वजन 2 किलो असलेलं एक दांडकं घेऊ. त्यातून सुमारे 37 मेगाज्यूल उष्णता मिळते. ओलावा 60 टक्के धरला तर त्यात 1.2 लिटर पाणी. ते तापवून वाफ करायला जेमतेम 3 मेगाज्यूल लागतात. म्हणजे आठ टक्के! एवढ्यासाठी कोणी रडायला नको.

नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. जोवर लाकडाच्या एखाद्या थरात पाणी आहे, तोवर तो थर 100 अंशांच्या फार वर जात नाही. शेजारचा कोरडा थर धुमसतो, त्यातून वायू निघतात, पण वाफेने पातळ आणि गार झालेले ते वायू पेट घेत नाहीत. अर्धवट जळालेलं डांबर थेंबांच्या रूपाने मांसावर जाऊन बसतं. पांढरा धूर दिसतो तो या मोठ्या थेंबांमुळे, ते सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. जाळ स्वच्छ असला की उरलेले कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक असतात, ते निळा रंग जास्त विखुरतात, आणि धुराड्याच्या तोंडाशी जेमतेम दिसेल अशी निळसर झाक राहते. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. टेक्ससमधले आचारी धुराड्याकडे टक लावून उभे असतात ते या निळाईसाठी.

ओलाव्याची टक्केवारीही जरा समजून घ्यायला हवी. ती लाकडाच्या कोरड्या वजनावर काढतात. त्यामुळे ताज्या तोडलेल्या काही लाकडांत आकडा शंभराच्या पुढेही जातो. पांढऱ्या ओकच्या ताज्या गाभ्यात तो साठच्या घरात असतो. त्यातलं काही पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं, ते लवकर निघतं. ओलावा 28 ते 30 टक्क्यांवर आला की मोकळं पाणी संपतं आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी उरतं. ते निघताना लाकूड आकसतं. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने होणारी आकस ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसेच्या जवळपास दुप्पट असते. या ओढाताणीतून टोकांवर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा पडतात. मला फसवलं ते या चिरांनी. टोकं वाळली होती, पोट ओलंच होतं.

पोस्ट ओकच्या बाबतीत पोट ओलं राहायला आणखी एक कारण आहे. लाल ओकच्या दांडक्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली तर पाण्यात बुडबुडे येतात. त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात, चुलीपाशी ठेवलेल्या फुंकणीसारख्या. पोस्ट ओक पांढऱ्या ओकच्या गटातला. या गटात बाहेरच्या लाकडाचा गाभा होताना शेजारच्या जिवंत पेशी नळ्यांमध्ये फुग्यासारख्या घुसतात आणि नळ्या बुजवून टाकतात. या बुचांना टायलोस म्हणतात. व्हिस्कीची पिंपं पांढऱ्या ओकची करतात आणि ती गळत नाहीत, ती यांच्यामुळे. पण जे लाकूड व्हिस्कीला बाहेर पडू देत नाही, ते स्वतःचं पाणी तरी सहज का सोडेल? एरवी लाकडातलं पाणी धाग्यांच्या दिशेने, म्हणजे टोकांकडे, आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरापट वेगाने सरकतं. इथे तो राजमार्गच अडवलेला.

म्हणून ओक फोडून वाळवायचा. अख्खा ओंडका सालीसकट दोन वर्षं पडला तरी आत ओला सापडतो. पाणी जाडीतून झिरपत बाहेर येतं आणि अशा झिरपण्याला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. मनगटाएवढ्या ते दंडाएवढ्या जाडीच्या फोडी केल्या तर इथल्या उन्हात साधारण वर्षभर लागतं. आणि असं वर्षभर वाळलेलं दांडकं स्मोकरमध्ये अर्धा-पाऊण तासात संपतं.

जास्त वाळलेलंही चालत नाही, हे मला उशिरा कळलं. भट्टीत वाळवलेल्या लाकडाचा ओलावा दहाच्या खालीही जातो. ते भसकन पेटतं, तापमान उसळी घेतं, मग आपण हवा कोंडतो आणि पुन्हा धुमसतं ते धुमसतंच. 15 ते 20 टक्के ही चांगली जागा. तेवढं पाणी जाळाला थोडा लगाम घालतं. ढलप्या रात्रभर पाण्यात भिजवायचा सल्ला मात्र मी मानत नाही. पाणी वरच्या पातळ थरापलीकडे फारसं जात नाही आणि सुरुवातीला निघते ती नुसती वाफ.

खरेदीचं म्हणाल तर आपल्याकडे वखारीत जळाऊ लाकूड वजनावर मिळतं, आणि ओलं लाकूड घेणं म्हणजे पाण्याचे पैसे मोजणं. अमेरिकेत ते आकारमानावर विकतात. माप 'कॉर्ड': 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब अशी रचलेली रास, 128 घनफूट. फटी वजा जाता त्यात खरं लाकूड 80 ते 90 घनफूट. 'फेस कॉर्ड' म्हणून जे विकतात ती दर्शनी बाजूने तेवढीच दिसणारी, पण एका दांडक्याइतकीच खोल रास. दांडकी 16 इंची असतील तर कॉर्डचा बरोबर तिसरा हिस्सा. ओतलेला ढीग मोजता येत नाही, रचूनच मोजावा. आता मी सोबत मापक आणि छोटी कुऱ्हाड नेतो. एक दांडकं फोडायचं, ताज्या फोडलेल्या तोंडावर मधोमध सुया टोचायच्या. मापक लाकडातून वीज किती अडते ते पाहतो. तीस टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला अर्थ नाही, तेव्हा माझे ते 34 म्हणजे 'पुष्कळ' एवढंच समजायचं. मापक नसेल तर दोन दांडकी एकमेकांवर आपटावीत. वाळलेली खणखणतात, ओली धप्प वाजतात. लाकूडवाले याला हसत नाहीत, तेही तेच करतात.

साठवण माझ्या आजीला माझ्याहून चांगली कळत होती. कोकणात आगोटीच्या तयारीत फाटी पडवीत रचली जायची, जमिनीला न टेकता, भिंतीपासून चार बोटं सोडून. वर छप्पर, बाजू मोकळ्या. मी पहिल्या वर्षी सगळा ढीग ताडपत्रीत गुंडाळला आणि आत बुरशी माजली. लाकूड शेवटी हवेशी तडजोड करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असेल तर ते 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, 80 ला 16 वर, आणि 90 ला विसाच्या आसपास. कोकणातल्या आषाढात म्हणूनच कितीही झाकलेलं सरपण चुलीशेजारी शेकल्याशिवाय धड पेटत नसे. ऑस्टिनला ती अडचण नाही. समुद्राजवळच्या ह्यूस्टनकरांना थोडी आहे.

लाकूड लांबून आणू नये, हेही इथेच सांगायला हवं. ॲश झाडं पोखरणारा पाचूच्या रंगाचा भुंगा 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि 2016 मध्ये टेक्ससमध्ये पोचला. त्याच्या या प्रवासात सरपणाच्या गाड्यांचा मोठा हात आहे. गाभ्यापर्यंत 60 अंशांवर तासभर तापवलं तर तो मरतो. अशा लाकडावर 'उष्णता-प्रक्रिया केलेलं' असा शिक्का असतो. पण त्याचा अर्थ किडे मेले एवढाच, लाकूड वाळलं असा नाही. मध्य टेक्ससमध्ये ओक विल्ट हा बुरशीचा रोगही आहे. पोस्ट ओक त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, लाल ओक मात्र पटकन मरतो. रोगाने मेलेल्या लाल ओकचं ताजं लाकूड ठेवायचंच झालं तर पारदर्शक प्लास्टिकखाली, कडा मातीत पुरून. काळ्या प्लास्टिकला भोक पडलं तर आतले बुरशीवाहक किडे उजेडाच्या रोखाने तिथूनच बाहेर येतात. पारदर्शकात सगळीकडेच उजेड, त्यांना वाट सापडत नाही.

फार जुनं झालेलं लाकूडही ओळखता आलं पाहिजे. ओल धरलेल्या ढिगाच्या तळाशी पांढरी कूज लागते. ही बुरशी लिग्निन खाते, म्हणजे नेमकं जे हवं तेच. दांडकं उचललं की हाताला पोकळ, हलकं लागतं, फोडल्यावर फिकट आणि तंतुमय दिसतं, कधी त्यात नकाशासारख्या सुंदर काळ्या रेषा उमटलेल्या असतात. अशी दांडकी मी बाजूला टाकतो. स्मोकरपाशी बसून राहायचं तर रात्री शेजारी शेकोटी लागतेच.