‘लेन्स गेलीय’पासून ‘लोडिंग’पर्यंत

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत डिस्कचा प्लेअर दुरुस्तीला नेला की निदान जवळपास ठरलेलं असायचं: लेन्स. डिस्क घेत नाही, चित्र अडकतं, सुरू व्हायला उशीर लागतो, तक्रार कुठलीही असो. आधी लेन्स पुसून बघायची, नाहीच भागलं तर पिकअप, म्हणजे लेन्स आणि लेझरचा अख्खा भाग, बदलायचा. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं.

कारण १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीपासून हा उशीर यंत्राचाच होता. लेझरने आधी फोकस धरायचा, मग आतल्या कडेची अनुक्रमणिका वाचायची. त्यात सीडी आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुमारे २००. पहिल्या गाण्यावरून शेवटच्यावर उडी मारली की मोटरला वेग बदलून स्थिरावावं लागतं. लेन्सवर धूळ असेल तर तेच वाचन पुन्हा पुन्हा.

व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओ सीडीत, वेगळीच गंमत. सिनेमा दोन-तीन डिस्कांत, त्यामुळे मध्यंतर कुठे घ्यायचं ते डिस्कच ठरवायची! १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी आली. तिच्यात मेनू होते, नक्कल रोखणारं कुलूपही होतं, पण दोन्ही साधी. दुहेरी थराच्या डिस्कवर लेझर दुसऱ्या थराकडे वळताना चित्र क्षणभर थबकायचं. ती डिस्क खराब असल्याची खूण नव्हे.

खरं वळण २००६ चं. तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी (डीव्हीडीहून स्पष्ट चित्राची नवी डिस्क) प्लेअर उघडून पाहिला तर आत पेंटियम ४, १ जीबी रॅम आणि लिनक्स. म्हणजे चक्क संगणक, आणि सुरू व्हायला मिनिटभर घेणारा. त्याच वर्षी आलेल्या प्रतिस्पर्धी ब्लू-रेची डिस्क एका थरात २५ जीबी मावणारी. तिचे मेनू म्हणजे अनेकदा जावा या संगणकभाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, वर एएसीएस या नव्या कुलपाच्या किल्ल्यांची तपासणी. सुरुवातीच्या प्लेअरमधल्या चिप हे ओझं रडतखडत ओढायच्या. त्याच डिस्का प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल मात्र झपाट्याने उघडायचा, कारण त्याचा सेल प्रोसेसर दणकट. माझ्या मते दोष लेन्सचा नव्हे, चिपचा, हे तिथेच उघड झालं होतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली, जावाचे मेनू मात्र राहिले. जावाच्या अनेक डिस्कांवर सिनेमा थांबवला की पुन्हा ‘लोडिंग’पासून सुरुवात. पुढे बीडी-लाइव्ह ही ब्लू-रेची इंटरनेट सोय आली. डिस्क घातली की प्लेअर इंटरनेटवर जाऊन नवे ट्रेलर शोधणार! कुणी मागितले होते? ती सेटिंगमधून बंद केली तर थोडा वेळ वाचतो. ‘क्विक स्टार्ट’नेही प्लेअर लवकर उठतो, पण तो मुळात पूर्ण झोपलेलाच नसतो, त्यामुळे वीज जास्त खातो.

दुरुस्तीला नेण्याआधी एक करून बघा. ट्रे रिकामा ठेवून प्लेअर चालू करा. तेव्हाही तो तितकाच वेळ घेत असेल, तर लेन्स पुसून घेण्याचे पैसे वाचवा.