ईयोबाचा ग्रंथ

हिब्रू बायबलच्या ‘केतुविम’ या तिसऱ्या विभागातील ४२ अध्यायांचा ग्रंथ. ख्रिस्ती बायबलात तो जुन्या करारात स्तोत्रसंहितेच्या आधी येतो. ईश्वर न्यायी असेल तर नीतिमान माणसाच्या वाट्याला यातना का, या प्रश्नाचा बायबलमधील सर्वांत सविस्तर ऊहापोह या ग्रंथात आहे.

ऊस देशातील ईयोब हा सात हजार मेंढरे, तीन हजार उंट आणि दहा मुले असलेला सात्त्विक गृहस्थ. तो देवाला भितो ते फुकट काय, असा सवाल सैतान देवाच्या दरबारात टाकतो आणि देव त्याला ईयोबाची परीक्षा पाहू देतो. धन जाते, मुले मरतात, सर्वांगाला गळवे होतात. ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र समाचाराला येतात, सात दिवस नि:शब्द बसून राहतात आणि मग वाद सुरू होतो. अखेर देव वावटळीतून बोलतो. ईयोबाला गुरेढोरे दुपटीने मिळतात, पुन्हा दहा मुले होतात आणि तो आणखी १४० वर्षे जगतो.

रचना व काळ : पहिले दोन अध्याय आणि शेवटच्या अध्यायाचा उत्तरार्ध गद्यात आहे, मधला जवळजवळ सारा भाग पद्यात. या दोन भागांतील ईयोब एक वाटत नाही. गद्यातला ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ म्हणून नतमस्तक होतो. पद्यातला आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देव निर्दोष आणि दुष्ट दोघांचाही सारखाच नाश करतो असे बजावतो (९.२२) आणि थेट देवावरच फिर्याद मांडू पाहतो. गद्यात देवाचे यहोवा हे नाव आहे. ईयोब व मित्रांच्या भाषणांत मात्र एक अपवाद (१२.९) वगळता एल, एलोआह, शद्दाय अशी नावे येतात. यावरून जुन्या लोककथेच्या चौकटीत नंतरच्या कवीने संवाद बसवले, असे मत बराच काळ प्रचलित होते. चौकटही कवीनेच जाणूनबुजून जुन्या वळणाने लिहिली, हे मत अलीकडे मांडले जाते. चौकटीतील ‘सैतान’ या शब्दाला मूळ हिब्रूत निश्चयवाचक उपपद (इंग्रजीतील ‘द’सारखे) आहे, म्हणजे ते विशेषनाम नसून दरबारातील आरोपकर्त्याचे पद होय. जखऱ्याच्या ग्रंथातही (इ.स.पू. सु. ५२०) असेच आहे, तर त्यानंतरच्या ‘पहिला इतिहास’ या बायबलमधील ग्रंथात तो उपपदाविना, म्हणजे विशेषनामासारखा येतो. हा पुरावा एकट्याने निर्णायक नसला, तरी इ.स.पू. सहावे ते चौथे शतक हा बहुसंख्य अभ्यासकांचा अंदाज त्याच्याशी जुळतो. ईयोब हे नाव मात्र त्याहून जुने असावे. यहेज्केलाच्या ग्रंथात (१४.१४) नोहा व दानिएल यांच्या जोडीने त्याचा उल्लेख आहे.

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या संग्रहात (बाबा बत्रा १४ब–१५अ) ग्रंथाचे कर्तृत्व मोशेकडे दिले आहे, पण ईयोब कधी झालाच नाही, ही केवळ दृष्टांतकथा आहे, असे एक मतही तेथेच नोंदवले आहे. ग्रंथाची भाषा अवघड असून तीत ॲरेमाइक या हिब्रूच्या भगिनीभाषेच्या वळणाचे शब्द बरेच आहेत. हा मुळात दुसऱ्या भाषेतून आलेला अनुवाद असावा, असे बाराव्या शतकातील ज्यू भाष्यकार इब्न एझ्राने सुचवले होते. त्यास फारसा पाठिंबा मिळालेला नाही. ऊस देश मृत समुद्राच्या दक्षिणेकडील अदोमच्या बाजूला की उत्तरेस अरामाकडे (सीरियाकडे), याचाही निर्णय लागलेला नाही, विलापगीत ४.२१ अदोमच्या पक्षात जाते. सेप्तुअजिंट हे ग्रीक भाषांतर हिब्रू संहितेपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने लहान होते. मृत समुद्राजवळील कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेले ॲरेमाइक भाषांतर (११क्यू१०) खंडित आहे.

संहितेतील खरी अडचण २४ ते २७ या अध्यायांत आहे. बिल्ददाचे तिसरे भाषण सहा ओव्यांतच संपते, सोफरचे तिसरे भाषणच नाही आणि दुष्टांचा नाश अटळ आहे हे मित्रांचे म्हणणे अचानक ईयोबाच्या तोंडी येते (२७.१३–२३). येथे पाने विस्कटली असावीत, असे बहुतेक भाष्यकार मानतात. २८ वा अध्याय हे स्वतंत्र ज्ञानस्तोत्र दिसते. ३२ ते ३७ मध्ये बोलणाऱ्या अलीहूचा आधी किंवा नंतर कुठेही उल्लेख नाही. शेवटी देव तिघा मित्रांवर रागावतो, अलीहूला मात्र खिजगणतीत धरत नाही. हा भाग प्रक्षिप्त, म्हणजे नंतर घातलेला असावा.

प्रश्नाचे उत्तर : कोणता भाग मूळचा धरावा, यावरच ग्रंथाचे उत्तर अवलंबून आहे. मित्रांच्या मते यातना हा पापाचा पुरावा. अलीहूच्या मते ती सुधारण्याची संधी. उपसंहारात भरपाई होते, म्हणजे नीतीला फळ मिळतेच, हे मित्रांचे सूत्र मागच्या दाराने परत येते. मात्र त्याच उपसंहारात देव मित्रांना बजावतो की ईयोबासारखे यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत (४२.७). देवाच्या भाषणांत (३८–४१) ना ईयोबाच्या दोषाचा उल्लेख, ना दरबारातील पैजेचा. त्यांत रानशेळीचे विणे, अंडी जमिनीवर टाकून जाणारी शहामृगाची मादी, माणूसच नसलेल्या रानात पडणारा पाऊस, बेहेमोथ आणि लिव्याथान हे महाकाय प्राणी येतात. जग माणसाच्या पापपुण्याभोवती फिरत नाही, एवढेच येथे सुचवले आहे, असे मानणे संहितेला अधिक धरून वाटते. आपल्यावर हे का ओढवले, हे ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. ते फक्त वाचकाला ठाऊक असते.

समांतर परंपरा : निरपराध भक्ताची तक्रार मेसोपोटेमियात याहून जुनी आहे. सुमेरी आणि बॅबिलोनियन रचना उपलब्ध आहेत. इ.स.पू. सु. १००० मधील एका बॅबिलोनियन काव्यात पीडित आणि त्याचा मित्र यांचा आळीपाळीने संवाद आहे. प्रत्यक्ष उसनवारी मात्र सिद्ध झालेली नाही. भारतात ब्रह्मसूत्रांनी (२.१.३४) ईश्वरावरील पक्षपात व निर्दयतेचा आक्षेप कर्मसापेक्षतेने, म्हणजे ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसारच फळ देतो असे सांगून परतवला. तेथे पूर्वजन्म हाताशी असल्याने वाद वेगळ्या वाटेने गेला.

नव्या करारात (याकोब ५.११) ईयोब सोशिकपणाचा नमुना ठरला. कुराणात तो अय्यूब या नावाने संदेष्टा म्हणून येतो. ज्यू प्रथेत तिशा बआव या शोकदिनी इतर धर्मग्रंथांचे पठण वर्ज्य असले, तरी ईयोब वाचता येतो. मराठीत बायबलच्या भाषांतरांतून तो पोचला. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.