फ्रेम कुणासाठी खोळंबली आहे?

एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये आला आणि गेमिंगसाठी पीसी जुळवणाऱ्या कितीतरी जणांनी डोळे मिटून तोच घेतला. सहा कोर, म्हणजे हिशेब करणारे सहा भाग, आणि बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी बारा कामं. तेव्हा तो कशालाच कमी पडत नव्हता. आता त्याच पीसीवर नवे गेम अडखळतात, स्ट्रीम सुरू केली, म्हणजे खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला घेतला, की आणखीच अडखळतात आणि प्रश्न पडतो: प्रोसेसर बदलावा का? याचं उत्तर घरच्याच मशीनवर एका संध्याकाळीत मोजता येतं. पैसे मोजण्याआधी ते मोजावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे एकेका चित्रामागे, दोघांचं काम असतं. शत्रू कुठे वळला, गोळी कुणाला लागली, कोणती भिंत पडली, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डाला सांगतो. चित्र कार्ड काढतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला पुरं पडायचं तर जेमतेम ६.९. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वेगाने गेम चालतो.

तो कोण, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधून ठेवणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, गेममधली भरपूर गर्दीची जागा गाठा आणि रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. याने कार्डाचं काम एकदम हलकं होतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमचा आकडा, झपाट्याने वाढला तर अडचण कार्डाची होती. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसरच मागे पडतो आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू ४० टक्के’ दिसतं म्हणून प्रोसेसर निवांत आहे असं धरून चालू नका. बारा थ्रेडपैकी एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो आठ टक्केच दिसतो, आणि बऱ्याच गेमचा मुख्य भार एकाच थ्रेडवर असतो.

प्रोसेसर मागे पडतो म्हणजे तो हिशेबात मंद असतो असंही नाही. पुष्कळदा तो नुसता वाट पाहत बसलेला असतो. ४ गिगाहर्ट्झवर प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅममधून माहिती यायला मात्र ७०-८० नॅनोसेकंद जातात, म्हणजे सुमारे तीनशे ठोके वाया. म्हणून चिपवरच कॅशे, म्हणजे छोटी पण वेगवान मेमरी, ठेवतात. हाताशी मिसळणाचा डबा असला की चिमूटभर हळदीसाठी वाण्याकडे धावावं लागत नाही, तसंच हे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने नेमका हा डबा मोठा केला. मूळ चिपच्या डोक्यावर ६४ मेगाबाइट कॅशेची दुसरी चिप तांब्याला तांबं जोडून बसवली आणि एल३ (तिसऱ्या पातळीची, सगळ्यात मोठी) कॅशे ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली. आधीच्या ५८००एक्स इतकेच आठ कोर, कमाल वेग तर ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरलेला, तरीही बहुतेक गेममध्ये नवा प्रोसेसर पुढे! फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरिओसारख्या, असंख्य गोष्टींचा हिशेब ठेवणाऱ्या गेममध्ये हा फरक ठळक जाणवतो. व्हिडिओ रेंडर करताना मात्र या कॅशेचा फारसा उपयोग नाही.

आता स्ट्रीमिंग. १०८०पी, ६० फ्रेमचं कच्चं चित्र सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट होतं. ते ६ मेगाबिटमध्ये, म्हणजे पाचशेव्या हिश्श्यात बसवायचं असतं. एच.२६४ या व्हिडिओ आवळायच्या पद्धतीत एका फ्रेमचे १६ बाय १६ पिक्सेलचे ८१६० चौकोन होतात आणि एन्कोडर, म्हणजे हे आवळायचं काम करणारा, प्रत्येकासाठी शोधतो की असाच तुकडा शेजारच्या फ्रेममध्ये कुठे होता. असे सेकंदाला जवळजवळ पाच लाख चौकोन. एक्स२६४ हा सॉफ्टवेअर एन्कोडर निवडला की हे सगळं ओझं प्रोसेसरवर येतं आणि तिथे जास्त कोर खरंच कामाला येतात. पण एनव्हिडियाने २०१२ पासूनच कार्डात याच कामासाठी वेगळं सर्किट, एनव्हेंक, द्यायला सुरुवात केली आणि २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचं चित्रही चांगलंच सुधारलं. असं कार्ड असताना केवळ स्ट्रीमिंगसाठी बारा कोरचा प्रोसेसर घेणं मला पटत नाही.

स्ट्रीम अडखळते तेव्हा ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमधली ‘स्टॅट्स’ची खिडकी उघडून बघा. तिथे तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर कार्डाला उसंत नाही. गेमचा एफपीएस बांधून ठेवा. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एनव्हेंकवर जा, किंवा एक्स२६४ चा जलद प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा. ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत असतील तर इंटरनेटचा अपलोड कमी पडतो आहे, तिथे कुठलाही प्रोसेसर काही करू शकणार नाही.

खर्चाआधी रॅमही तपासा. एकच स्टिक असेल तर माहिती यायची वाट अर्धीच राहते, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद असेल तर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते; दोन्हीत प्रोसेसर उगाच बदनाम होतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर धूळ साफ करून प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावणं हाही अपग्रेडच म्हणायचा.

इतकं करूनही दोष प्रोसेसरचाच निघाला तर ३६०० वाल्यांचं एक बरं आहे: ५८००एक्स३डी सुद्धा त्याच एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या खाचेत, बसतो, त्यामुळे मदरबोर्ड आणि रॅम तीच राहते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर जायचं तर दोन्ही नवीन घ्यावी लागतात. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर नवा बसवल्यावर मशीन सुरूच होणार नाही. ३६०० सोबत आलेला छोटा कूलर ५८००एक्स३डी ला पुरत नाही, त्यामुळे चांगल्या कूलरचा खर्च धरा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. पेस्ट वाळलेली असली तर कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करून प्लग काढा आणि कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना प्रोसेसर घेत असाल तर तो उलटा करून पिनांची प्रत्येक ओळ उजेडात नीट पाहा. नवा बसला की बायोसमध्ये एकदा डोकवा. प्रोसेसर बदलल्यावर एक्सएमपी बहुधा बंद झालेला असतो.