फॅरनहाइट, सेल्सिअस आणि सरळ रकाने

सोलापुरात उन्हाळ्यात दोन्ही मापं एकाच घरात चालतात. बाहेर पारा ४३ वर गेला, हे सेल्सिअसमध्ये. लेकराला ताप किती, तर एकशे दोन, हे फॅरनहाइटमध्ये. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देश मेट्रिक मापांकडे वळला, तरी तापाचा आकडा बोलण्यात जुन्याच पट्टीवर राहिला. त्यामुळे प्रोग्रामिंगच्या पहिल्याच धड्यांत येणारा अंशांच्या रूपांतराचा प्रोग्राम इथल्या मुलांच्या ओळखीचाच असतो. सूत्र मात्र पाठ केलं जातं आणि त्यातले ३२, ५, ९ कुठून आले हे राहून जातं; उत्तरांचे रकाने सरळ कसे छापायचे, हेही.

डॅनियल फॅरनहाइट यांनी १७२४ साली आपली पट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, बर्फाच्या पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या अंगाला ९६. आज याच नावाच्या पट्टीवर पाणी २१२ ला उकळतं, म्हणजे गोठण्यापासून उकळण्यापर्यंत १८० अंश. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये तेच अंतर १०० भागांत वाटलं, पण उलटं: उकळत्या पाण्याला ०, बर्फाला १००. १७४४ मध्ये ते वारले आणि त्यानंतर पट्टी आजच्यासारखी फिरवली गेली. १८० ला १००, म्हणजे ९ ला ५. म्हणून आधी ३२ वजा करायचे, मग ५ ने गुणून ९ ने भागायचं.

हा क्रम महत्त्वाचा आहे. सी या प्रोग्रामिंग भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. '५ भागिले ९' आधी लिहिलं की उत्तर ०, आणि मग सेल्सिअसचा सगळा रकाना शून्यांनी भरतो. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेवरच्या पुस्तकात सुरुवातीलाच हा तक्ता आहे: ० ते ३०० फॅरनहाइट, २०-२० च्या टप्प्याने. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो आधी पूर्णांकांत आणि मग दशांशात येतो. हा प्रोग्राम शिकवण्यात इतका रुळला, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. पूर्णांकांच्या प्रोग्राममध्ये ० फॅरनहाइटसमोर -१७ छापलं जातं, कारण सी दशांश कापून टाकते. पायथॉन या भाषेत दोन तिरप्या रेघांनी (//) भागलं तर -१८ मिळतं, कारण ती खालच्या पूर्णांकाकडे जाते. खरं उत्तर -१७.८.

नीटनेटक्या छपाईचं मूळ सीच्याही आधीचं आहे. १९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी आलेल्या फोरट्रान भाषेत 'एफ ६.१' असं लिहिता येई: एकूण सहा जागा, त्यात दशांशानंतर एक अंक. उणे चिन्ह आणि टिंब याच सहांत मोजायचे. सीच्या प्रिंटएफ या छपाईच्या आज्ञेमधलं 'टक्का ६.१ एफ' त्याच वळणाचं. फरक आकडा मावत नाही तेव्हा दिसतो. फोरट्रान तिथे आकड्याऐवजी चांदण्या (*) छापते; सी जागा वाढवून घेते आणि पुढचा रकाना सरकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी तक्ता केला तर असा येतो, डावीकडे फॅरनहाइट, उजवीकडे सेल्सिअस:

 ९०   ३२.२
१००   ३७.८
११०   ४३.३

१०० च्या आधी ९० आला तरी एककाखाली एकक राहतं, ते पहिल्या रकान्याला तीन जागा दिल्यामुळे. रिकाम्या जागा हाताने टाकल्या की तक्ता ९९ वरून १०० वर जाताना मोडतो.

मथळे मराठीत दिले की नवी अडचण येते. 'सेल्सिअस' पायथॉनच्या हिशोबाने ८ चिन्हं आहेत, कारण मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले जातात. पडद्यावर दिसतात चारच अक्षरं. सी तर बाइट, म्हणजे साठवणीचे घटक, मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत हाच शब्द २४ बाइटचा. त्यामुळे रुंदी सांगूनही मथळा आकड्यांवर बसत नाही. मथळ्याची ओळ वेगळी छापून जागा हाताने बसवणं हाच साधा उपाय. अंशाचं गोल चिन्हही मथळ्यातच एकदा द्यावं. जुन्या कन्सोलवर, म्हणजे फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, त्याच्या आधी भलतंच अक्षर उमटतं.

दशांश किती ठेवायचे, याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. तापाचा डिजिटल थर्मामीटर ०.१ फॅरनहाइटपर्यंत दाखवतो. १०२ म्हणजे ३८.९ सेल्सिअस; ३८.८९ लिहिलं तर न मोजलेली अचूकता दाखवल्यासारखं होतं. निरोगी अंगाचं ९८.६ हेही ३७ सेल्सिअसचं रूपांतर आहे. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी रुग्णांच्या मोजणीवरून तो ३७ सरासरी म्हणून मांडला होता.

एक बारीक चूक गोठणबिंदूजवळ होते. ३१.९५ फॅरनहाइटचं उत्तर -०.०२८ येतं आणि एका दशांशात ते '-०.०' असं छापलं जातं. आधी आकडा जवळच्या एका दशांशावर आणून त्यात ०.० मिळवलं की उणे चिन्ह जातं.